खटल्यावाचून बंदिवास : अहमदनगर येथील स्थानबद्धांचा विचार

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुक्यात राजूर हे गाव आहे. ह्या भागात बंदिवासाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते राघोजी भांगरे यांचे. देवगावचे हे महादेव कोळी समाजातील बंडकरी २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरास पकडले गेले, ठाणे येथे त्यांच्यावर खटला चालला आणि २ मे १८४८ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. तो खटला न्याय्य होता असे आज कोणी म्हणणार नाही. राघोजींच्या बाजूने वकीलही उभा राहिला नाही असे सांगतात. तथापि तो खटला होता. आरोप काय, तो कोणी ठेवला, निकाल काय लागला आणि तो कोणत्या दिवशी अमलात आला, ह्या चारही प्रश्नांना उत्तरे होती, मग ती कितीही कठोर असोत.

ह्याच जिल्ह्यात, राजूरचे डोंगर उतरून पूर्वेस गेल्यावर लागणाऱ्या पठारावर, नगर शहराच्या लष्करी हद्दीत विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांच्या काळी शेकडो माणसे अशी ठेवण्यात आली की ज्यांच्यापुढे ह्या प्रश्नांची उत्तरे कधीच मांडली गेली नाहीत. त्यांच्यावर आरोप नव्हता, म्हणून खटला नव्हता. आणि खटला नव्हता, म्हणून निर्दोष ठरण्याचीही सोय नव्हती. नगरच्या किल्ल्यातील १९४२ सालचा राष्ट्रीय पुढाऱ्यांचा कारावास मराठी वाचकास चांगला परिचित आहे. त्याच गावातील ह्या दुसऱ्या बंदिवासाची आठवण मात्र पुसट झाली आहे. प्रस्तुत लेखात ह्या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

आरंभी शब्दांचा थोडा खुलासा केला पाहिजे. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगणारा तो कैदी. रणांगणावर शस्त्रासह हाती लागलेला तो युद्धकैदी. त्याला आपण का पकडले गेलो हे ठाऊक असते, आणि तह झाला की आपण सुटणार हेही ठाऊक असते. १९०१ व १९०२ साली दक्षिण आफ्रिकेतून समुद्रपार आणून नगरास ठेवलेले बोअर सैनिक ह्या वर्गातील होत. स्थानबद्ध हा ह्या दोहोंहून निराळा. त्याने काही केले म्हणून नव्हे, तर तो काही करील अशा शंकेने त्याला अडकवून ठेवलेले असते. पुष्कळदा तर शंकाही त्याच्याविषयी नसते. तो ज्या वर्गात मोडतो त्या वर्गाविषयी असते.

हे हत्यार महायुद्धांनी घडविले असे समजू नये. बंगालचे १८१८ सालचे तिसरे रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्याचे १८२७ सालचे पंचविसावे रेग्युलेशन यांनी राज्यकारणास्तव कोणासही खटल्यावाचून अडकविण्याचा अधिकार सरकारास दिलेलाच होता. पुण्यात २२ जून १८९७ च्या रँड प्रकरणानंतर सरदार नातू बंधूंना ह्याच रेग्युलेशनाखाली उचलण्यात आले, त्यांची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली, आणि १८९९ साली कोणताही आरोप न ठेवता त्यांना सोडण्यात आले. महायुद्धांनी नवे केले ते इतकेच की जे अस्त्र पूर्वी एकेका नामांकित इसमावर चालत असे ते घाऊक प्रमाणावर चालू लागले.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटताच हिंदुस्थान सरकारने परकीयांसंबंधी वटहुकूम काढला. त्या आधारे देशातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुष गोळा करून नगरास आणण्यात येऊ लागले. त्यांत व्यापारी पेढ्यांचे कारकून व प्रतिनिधी होते, खलाशी होते, कारागीर होते, आणि धर्मप्रसारक पुष्कळ होते. पुढे जर्मन पूर्व आफ्रिका व सयाम येथूनही माणसे येथे येऊन पोहोचली. भोवती काटेरी तार, पहाऱ्यास लष्कर, ठरल्या वेळी हजेरी, पत्रांवर तपासनीसाची नजर, अशी ती व्यवस्था होती. १९१७ च्या वसंतात आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या स्विस प्रतिनिधींनी हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील छावण्यांची पाहणी केली, तीत नगरची छावणीही होती. अशा अहवालांत जागा, अन्न, पाणी, औषधोपचार यांची नोंद काळजीपूर्वक केलेली असते. नगरास छळ होत असे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि तसा आक्षेप येथे घ्यावयाचाही नाही. छावणी स्वच्छ होती की अस्वच्छ हा प्रश्न दुय्यम आहे. माणूस तेथे का होता, हा पहिला.

धर्मप्रसारकांचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. मुंबई व पुणे येथील जेझुइट शाळा-महाविद्यालयांचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रामुख्याने जर्मन पाद्री पाहत आले होते. सेंट झेवियर महाविद्यालयात ज्यांनी आयुष्य घालविले होते अशांना एका वटहुकूमाने शत्रू ठरविले. त्याच संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर मात्र आपले काम करीत राहू शकले, कारण त्यांचा जन्म स्वित्झर्लंडातला. एकाच छात्रालयात राहणारे, एकाच पंथाचे, एकच भाषा बोलणारे दोन अध्यापक. त्यांतील एकाच्या हाती वनस्पतींची सूची राहते आणि दुसऱ्याच्या वाट्याला तार येते. दोघांच्या वर्तनात फरक काढू गेल्यास तो सापडत नाही.

बासेल मिशनची हकिगत याहून दूरवर परिणाम करणारी झाली. १८३४ साली मंगळुरास आलेल्या ह्या मिशनने धर्मकार्याबरोबर विणकामाचे व कौलांचे कारखाने काढले होते. ज्यांना आपण मंगलोरी कौले म्हणतो ती कोकणातील घरांवर चढली ती त्या उद्योगाच्या प्रसारातून. मिशन स्विस गावचे, पण त्यातील माणसे बहुतांशी जर्मन. ती स्थानबद्ध झाली किंवा देशाबाहेर पाठविली गेली, आणि युद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या नव्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. स्थानबद्धतेचा खर्च मांडताना ही बाब विसरून चालणार नाही. माणूस कालांतराने सुटतो. त्याचे दुकान, कारखाना, शाळा, ग्राहकांचा विश्वास ही त्याच्यासाठी थांबून राहत नाहीत.

कुटुंबांची वाटणी तर सरळसरळ वयावर व लिंगावर झाली. काही बायकामुलांना बेळगावास ठेवण्यात आले. १९१५ च्या अखेरीपासून ‘गोलकोंडा’ नावाच्या जहाजातून स्त्रिया, मुले, पाद्री व वृद्ध यांना युरोपात पाठविण्यात आले. लष्करी वयाचे पुरुष सामान्यतः मागे राहिले. म्हणजे बायको समुद्रावर, तोही पाणबुड्यांनी धोक्याचा झालेला, आणि नवरा नगरच्या माळावर. मध्ये तपासनीसाच्या हातून जाणारे पत्र. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला, तरी छावणी लगोलग रिकामी झाली नाही. बहुतेकांना मायदेशी निघण्यास आणखी वर्षभर वाट पाहावी लागली. युद्ध संपल्यावरही युद्धापायी कैद चालू राहावी, हे स्थानबद्धाने मनाला कसे समजावून सांगावे?

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार त्याच काळी एका वैद्याने केला. अडोल्फ लुकास फिशर ह्या स्विस डॉक्टरांनी युरोपातील अनेक छावण्या पाहून १९१८ साली एक छोटे पुस्तक लिहिले व त्यात ‘काटेरी तारेचा रोग’ ही संज्ञा रूढ केली. लक्षणे अशी : क्षुल्लक गोष्टीवरून चिडणे, वाचनात चित्त न लागणे, ओळखीची नावे आठवेनाशी होणे, झोप उडणे, सहकाऱ्यांविषयी संशय. मारहाण किंवा उपासमार नसलेल्या ठिकाणीही हे घडत होते. फिशर यांनी कारणे तीन सांगितली. स्वातंत्र्य गेले हे पहिले. दुसरे, एकांत नाही. तीच माणसे, तेच आवाज, रात्रंदिवस. तिसरे, मुदत ठाऊक नाही.

प्रस्तुत लेखकास ह्या तिहींत तिसरे कारण सर्वांत भारी वाटते. तीन वर्षांची सजा झालेला कैदी एकेक दिवस वजा करीत जातो. त्याच्यापुढे एक रक्कम मांडलेली असते आणि ती रोज कमी होते. स्थानबद्धही दिवस मोजतो, परंतु ते कशातून वजा करावयाचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे कोणताही बेत मुळापर्यंत जात नाही. भाषा शिकावी तर ती पुरी होण्यापूर्वी सुटका होईल. न शिकावी तर पाच वर्षे फुकट जातील. छावण्यांतून नाटके, वाद्यवृंद, वर्ग, बागा उत्साहाने सुरू होतात आणि काही महिन्यांनी बंद पडतात, ह्याचे कारण आळसात शोधू नये. तग धरून राहिलेले बहुधा तेच, ज्यांनी सुटकेच्या तारखेचा विचार सोडून हातातील एखादे काम दिवसापुरते धरले.

१९३९ साली हाच प्रयोग पुन्हा झाला, आणि ह्या वेळी त्यातील विसंगती कोणालाही दिसावी इतकी उघडी पडली. ३ सप्टेंबर रोजी युद्ध पुकारले गेले आणि देशातील जर्मन पुरुष पुन्हा नगरास आणले गेले. परंतु मधल्या सहा वर्षांत हिटलरच्या राज्यातून निसटून आलेले ज्यू निर्वासितही हिंदुस्थानात येऊन राहिले होते. त्यांत डॉक्टर पुष्कळ होते. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलींनंतर जर्मनीत हजारो ज्यू पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड येथील छावण्यांत कोंडले गेले व देश सोडण्याच्या अटीवर त्यांतील बहुतेकांना सोडले गेले, हे येथे ध्यानात ठेवावे. अशा छळातून वाचून आलेल्यांच्या हाती असलेले पारपत्र जर्मनच होते. त्यावर ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन सरकार ‘ज्यू’ असा निर्देश करणारे लाल अक्षर उमटवीत असे. त्या एका कागदामुळे माणूस जर्मनीत ज्यू म्हणून शत्रू ठरे आणि हिंदुस्थानात जर्मन म्हणून.

नगरच्या तारेआड ह्यामुळे कशी मंडळी एकत्र आली ते पाहावे. आइगरच्या उत्तर कड्यावर चढलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर हा नंगापर्वताच्या मोहिमेवरून परतताना अडकला आणि नगरास आला. पुढे त्याला देवळाली व डेहराडून येथे हलविण्यात आले. एप्रिल १९४४ मध्ये तो डेहराडूनहून निसटून तिबेटात गेला. तो १९३८ साली नाझींच्या एस. एस. संघटनेत सामील झाला होता, ही गोष्ट १९९७ साली जगापुढे आली. अशा इसमाविषयी सरकारला शंका वाटली तर तीत अन्याय कोणता, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या आदेशाने हारर आत आला त्याच आदेशाने नाझींनी देशोधडीला लावलेला डॉक्टरही आत आला. वर्ग पाहून अटक केली की खऱ्या शत्रूला निर्दोषांच्या गर्दीत लपण्यास जागा मिळते आणि निर्दोषाला शत्रूच्या शेजारी झोपावे लागते. पुढे डेहराडूनच्या छावणीत नाझी व नाझीविरोधी यांचे विभाग वेगळे करावे लागले, ते उगाच नव्हे.

ह्या घोटाळ्यावर सरकारने एक उपाय केला, आणि तो ह्या सबंध इतिहासातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा भाग आहे. सर मॅल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील ग्रंथामुळे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेले हे सनदी अधिकारी. समितीने स्थानबद्धांना एकेक करून बोलाविले व प्रत्येकाची हकिगत ऐकली. मुंबईची ज्यू साहाय्यक संस्था निर्वासितांची बाजू मांडीत होतीच. परिणाम असा झाला की काही महिन्यांत पुष्कळजण, विशेषतः ज्यू निर्वासित, सुटले. येथे न्यायालय नव्हते, वकील नव्हता, पुराव्याचे नियमही नव्हते. केवळ ‘तू कोण, येथे कसा आलास’ एवढे विचारणारे एक मेज होते. तेवढ्यानेही वर्गातून व्यक्ती वेगळी काढता आली.

दुर्दैवाने हे फार टिकले नाही. मे-जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, घबराट पसरली, आणि सुटलेल्यांपैकी कित्येकांना पुन्हा बंधनात यावे लागले. पुरंदर व सातारा येथे कुटुंबांसाठी सौम्य स्वरूपाच्या छावण्या उघडल्या गेल्या. पुरंदरची हवा उत्तम आहे यात वाद नाही. तथापि एकदा चौकशीत निर्दोष ठरून पुन्हा अडकविला गेलेला मनुष्य हवेच्या गुणाने समाधान पावत नाही. पहिल्या खेपेस त्याला वाटले होते की आपली चूकभूल झाली आहे, सांगितल्यावर दुरुस्त होईल. दुसऱ्या खेपेस तो भ्रमही उरत नाही.

चित्रपटसृष्टीतील एक उदाहरण मुंबईच्या वाचकास जवळचे वाटेल. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ (१९३६) सारखे बोलपट ज्यांच्या हातून झाले ते दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन व छायालेखक जोसेफ विर्शिंग हे दोघेही जर्मन. दोघांनाही १९३९ साली अडकविण्यात आले. ऑस्टेन वयामुळे लवकर सुटून जर्मनीस परतले आणि हिंदी चित्रपटाशी असलेला त्यांचा संबंध तेथेच संपला. विर्शिंग यांचा युद्धकाळ नजरकैदेत गेला. युद्धानंतर ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले, ‘महल’ (१९४९) त्यांनी टिपला, आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ते येथेच काम करीत राहिले. ज्या देशाने अडकविले त्याच देशात पुन्हा घर मांडणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता किल्ल्याकडे वळू. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरच्या किल्ल्यात आणले गेले. त्यांत नेहरू, आझाद, वल्लभभाई, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव आदी मंडळी होती. ह्यांच्यावरही आरोप नव्हता व खटला नव्हता. येथे लिहिलेल्या ग्रंथांची कीर्ती मोठी आहे : नेहरूंचा भारतशोध, आझादांची उर्दू पत्रे, पट्टाभींची टिपणे, नरेंद्र देवांचे बौद्ध दर्शनावरील काम याच भिंतीआड चालले. ह्या कीर्तीमुळे एक गैरसमज मात्र रुजला आहे की तुरुंगवास विद्वानांना मानवतो. आझादांची कथा त्याविरुद्ध साक्ष देते. ऑगस्ट १९४२ च्या आरंभी कलकत्त्याहून निघताना त्यांनी पत्नी झुलेखा बेगम यांचा निरोप घेतला. पुढे त्या आजारी पडल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. सरकारकडे विनंती केल्यास ती पोहोचविण्याची तयारी तेथील अधिकाऱ्याने दाखविली. आझादांनी विनंती करण्याचे नाकारले. ९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगम वारल्या. पुण्याच्या आगाखान राजवाड्यात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधी स्थानबद्धतेतच निवर्तल्या. खटला झाला असता तर ह्यांपैकी कोणाला किती शिक्षा झाली असती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

नेहरू-आझादांचा आवाज पुस्तकांतून उरला. सामान्य स्थानबद्धांपैकी एकाचे नाव मात्र कायद्याच्या इतिहासात राहिले, आणि ते मराठी आहे : केशव तळपदे. मुंबई सरकारने भारत संरक्षण नियमावलीच्या २६ व्या नियमाखाली त्यांना स्थानबद्ध केले होते. मूळ कायद्याने ज्यांच्याविषयी रास्त संशय आहे अशांनाच अडकविण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला होता. नियमाने मात्र सरकारचे ‘समाधान’ झाले की पुरे, असे ठरविले होते. रास्त संशय तपासता येतो, समाधान तपासता येत नाही. सगळा फरक ह्या दोन शब्दांत होता. २२ एप्रिल १९४३ रोजी सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल न्यायालयाने तो नियम कायद्याच्या कक्षेबाहेरचा व म्हणून निरर्थक ठरविला. म्हणजे त्या नियमाखाली देशभर अडकलेल्यांची स्थानबद्धता एका दिवसात निराधार झाली. सरकारने सहा दिवसांत, २८ एप्रिल रोजी, नवा वटहुकूम काढून कायद्यातील ते कलम मागील तारखेपासून बदलून टाकले, आणि माणसे होती तेथेच राहिली.

योगायोग असा की बरोबर तेहतीस वर्षांनी, २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह कित्येक उच्च न्यायालयांनी त्यापूर्वी उलट कौल दिला होता. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्न मत नोंदविले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुना निर्णय चुकीचा ठरविला तेव्हा खन्ना हयात नव्हते. मध्यंतरी १९६२ साली चीनशी युद्ध झाले असता आसाम, बंगाल आदी भागांतील चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसे राजस्थानातील देवली येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आली. त्यांतील पुष्कळांचा जन्म येथलाच होता. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात अडकविलेल्या जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांपैकी जे हयात होते त्यांची १९८८ साली कायद्याने क्षमा मागितली व प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले. देवलीच्या स्थानबद्धांना तशी क्षमा मिळालेली नाही.

परकीय नागरिकांपुरते बोलावयाचे तर १२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा कराराने स्थिती पुष्कळ बदलली. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य असेल तरच स्थानबद्धता, तिच्याविरुद्ध न्यायालयाकडे अथवा मंडळाकडे फेरविचार मागण्याचा हक्क, आणि वर्षातून निदान दोनदा पुनर्विचार, ही त्यातील कलमे डार्लिंग समितीच्या त्या मेजाला कायद्याचे रूप देतात. भारताने हा करार १९५० साली मान्य केला. स्वकीय नागरिकांसाठी आपल्या संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात सल्लागार मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाच्या अभिप्रायावाचून तीन महिन्यांहून अधिक काळ कोणास प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवता येत नाही. आणीबाणीचा अनुभव पाहून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली. मात्र त्या दुरुस्तीचे हे कलम अमलात आणण्याची अधिसूचना सरकारने अद्याप काढलेली नाही.